घरचा डॉक्टर आजारपणाआधी शोधा

बकरी ईदसाठी बकरा घ्यायला गेलो की आपण काय काय पाहतो! दात बघतो, कान फाटलेला नाही ना, पाय लंगडत नाही ना, डोळे स्वच्छ आहेत ना, हे सगळे तपासतो. दोन-चार बाजार हिंडतो, सोबत एखाद्या जाणकार चाचांना घेऊन जातो. मुलीसाठी स्थळ आले तर मुलाच्या गावापर्यंत जाऊन चौकशी करतो. पण ज्याच्या हाती आई-वडिलांचा, लेकराबाळांचा जीव सोपवायचा, तो डॉक्टर आपण कसा निवडतो? घरापासून जवळ आहे म्हणून, तिथे गर्दी कमी असते म्हणून, नाहीतर "त्यांच्या हाताला गुण आहे" असे शेजारीण म्हणाली म्हणून.

आम्हीही असेच केले होते. त्याची किंमत आमच्या अम्मींनी मोजली. म्हणून हा लेख.

आमचे घर मूळचे साताऱ्याचे. तिथे पंचवीस वर्षे एकच डॉक्टर होते. सगळे त्यांना डॉक्टरकाका म्हणत. अम्मींना साखरेचा आजार आहे, हे त्यांनीच पहिल्यांदा ओळखले होते. शाबान सुरू झाला की ते स्वतःहून विचारायचे, "रोजे धरणार ना? मग या आठवड्यात रक्त तपासून या, गोळ्यांची वेळ बदलून देतो." नोकरीमुळे आम्ही पुण्यात कोंढव्याला राहायला आलो. भांडीकुंडी आली, मुलांचे शाळेचे दाखले आले, गॅसचे कनेक्शन आले. अम्मींची डॉक्टरकाकांकडची फाइल मात्र साताऱ्यातच राहिली. "आणू कधीतरी" म्हणता म्हणता सात महिने गेले आणि रमजान आला.

विसावा-एकविसावा रोजा असेल. इफ्तारनंतर अम्मींना छातीच्या खाली, पोटाच्या वर जड वाटू लागले. अंगाला घाम सुटला. भजी जास्त झाली असतील, असे त्याच म्हणाल्या. तरावीहच्या वेळी आम्ही त्यांना गल्लीच्या तोंडावरच्या दवाखान्यात नेले. रमजानमुळे रात्री उशिरापर्यंत दवाखाना उघडा होता. डॉक्टरांनी बसल्या जागेवरून विचारले, "काय होतंय?" आम्ही म्हणालो, "गॅस झालाय." त्यांनी ॲसिडिटीचे इंजेक्शन दिले, तीन प्रकारच्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या. बीपी पाहिले नाही, साखरेचा आजार आहे का, हेही विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही. सहेरीला उठवायला गेलो तेव्हा अम्मी बिछान्यात उठून बसल्या होत्या आणि त्यांना दम लागत होता. इस्पितळात ईसीजी काढल्यावर कळले की हृदयविकाराचा झटका आला आहे आणि बरेच तास उलटून गेले आहेत. साखर ३८० होती.

तिथल्या डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले. कोणत्या गोळ्या चालू आहेत? तीन महिन्यांची सरासरी साखर शेवटची कधी तपासली? आधीचा ईसीजी आहे का? एकाचेही उत्तर आमच्याकडे नव्हते. "एक पांढरी गोळी आणि एक अर्धी पिवळी," एवढेच आम्हाला सांगता आले.

अल्लाहच्या मेहेरबानीने अम्मी वाचल्या. पण हृदयाची ताकद कमी झाली ती झालीच. साखरेच्या रुग्णांमध्ये, विशेषतः बायकांमध्ये, हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. घाम, दम, मळमळ, पोटाच्या वरच्या भागात जडपणा, एवढ्याच खुणा दिसतात. ज्या डॉक्टरला अम्मींची साखर माहीत होती, त्याने त्या रात्री आधी ईसीजी काढायला लावला असता. गल्लीतल्या डॉक्टरांची चूक होतीच. पण सात महिने नव्या गावात राहून अम्मींना ओळखणारा एकही डॉक्टर आम्ही जोडून ठेवला नव्हता, ही चूक आमची होती.

घरचा डॉक्टर नेमके काय करतो?

आज प्रत्येक अवयवाचा वेगळा तज्ज्ञ आहे. गुडघा दुखला की हाडांचा डॉक्टर, डोके दुखले की मेंदूचा डॉक्टर, असे आपण परस्पर जाऊन येतो. प्रत्येक जण आपापल्या गोळ्या लिहून देतो. मग एका माणसाच्या डब्यात अकरा गोळ्या जमा होतात आणि त्यातल्या दोन एकच औषध असलेल्या, फक्त नावे वेगळी, असेही घडते. गुडघ्यासाठी दिलेली वेदनाशामक गोळी बीपी वाढवू शकते, मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते. हा सगळा हिशेब एका जागी ठेवणारा माणूस म्हणजे घरचा डॉक्टर.

तो सर्दी-ताप बरा करतो, हे तर आहेच. पण त्याची खरी कामे तीन. घराची नाडी ओळखून ठेवणे, म्हणजे वडिलांना साखर आहे, चुलत्यांना चाळिशीत झटका आला होता, धाकट्या मुलीला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, हे त्याला माहीत असणे. दुसरे, आजार येण्याआधी टोकणे: लसी, बीपी, वजन, तंबाखू-मिश्री. आणि तिसरे, आपल्या आवाक्याबाहेरचे काही दिसले की वेळेवर योग्य ठिकाणी पाठवणे. ही तिन्ही कामे ओळख असल्याशिवाय होत नाहीत, आणि ओळख एका रात्रीत होत नाही. म्हणून डॉक्टर शोधायचा तो घरात सगळे ठणठणीत असताना.

पाटी वाचायला शिका

इसवी सन ९३१ मध्ये, म्हणजे हिजरी ३१९ मध्ये, बगदादमध्ये एका वैद्याच्या चुकीने एक रुग्ण दगावला. ही बातमी खलिफा मुक्तदिर यांच्या कानावर गेली. त्यांनी हुकूम काढला की, परीक्षा दिल्याशिवाय शहरात कोणीही इलाज करायचा नाही. परीक्षा घेण्याचे काम सिनान इब्न साबित या नामवंत हकीमांकडे सोपवले. आठशे साठहून अधिक जणांना या परीक्षेतून जावे लागले, असे इतिहासकार लिहितात. वैद्यक न जाणता जो इलाज करतो, तो होणाऱ्या नुकसानीला जबाबदार आहे, अशी हदीसही आहे. म्हणजे डॉक्टरची पात्रता विचारणे हा उद्धटपणा नाही. ती आपल्याकडची जुनी आणि रास्त रीत आहे.

आज परीक्षा विद्यापीठ घेते आणि नोंदणी परिषद करते. एमबीबीएस डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. आयुर्वेदाच्या बीएएमएस आणि युनानीच्या बीयूएमएस पदवीधरांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. बीएचएमएस म्हणजे होमिओपॅथी. त्यांची परिषद वेगळी आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांनुसार एमबीबीएस आणि त्यापुढच्या डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर लावायचा असतो. फी किती, हेही दवाखान्यात दिसेल असे लिहायचे असते. चिठ्ठीवर नाव आहे पण पदवी नाही, पदवी आहे पण नोंदणी क्रमांक नाही, असे असेल तर विचारा. नुसते 'अनुभवी', 'स्पेशालिस्ट' किंवा कुणाला न कळणारी लांबलचक अक्षरे म्हणजे पदवी नव्हे.

आमच्या वस्त्यांमध्ये पहिला भेटणारा डॉक्टर बहुधा बीयूएमएस, बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. त्यातले कितीतरी जण रात्री-अपरात्री उठून येतात, गरिबाकडून पैसे घेत नाहीत. त्यांना कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. एमबीबीएसची पाटी असूनही मान वर न करणारे डॉक्टर आम्ही पाहिले आहेत. सांगायचे इतकेच की, समोरचा कोणत्या शास्त्रात शिकला आहे हे आपल्याला ठाऊक हवे, आणि आपल्या शिक्षणाची हद्द कुठे संपते हे त्याला ठाऊक हवे.

सुई, सलाईन आणि पुड्या

"डॉक्टरने सुईसुद्धा मारली नाही, नुसत्या गोळ्या दिल्या," ही तक्रार प्रत्येक मोहल्ल्यात ऐकू येते. आपणच सुई मागतो, मग डॉक्टरही देतो. साध्या सर्दी-खोकल्याला, व्हायरल तापाला इंजेक्शनची गरज नसते. त्याला अँटिबायोटिकही लागत नाही. असली औषधे गरज नसताना वारंवार घेतली की जंतू त्यांना सरावतात आणि खरी गरज पडेल तेव्हा औषध चालत नाही. म्हणूनच अनेक अँटिबायोटिक औषधे २०१४ पासून एच-वन यादीत घातली गेली. ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि मेडिकलवाल्याने त्यांची नोंद ठेवायची, असा नियम आहे.

सलाईनचेही तसेच. 'ताकदीची बाटली' म्हणून अर्धा लिटर ग्लुकोजची जी बाटली लावतात, तिच्यात सुमारे २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जेमतेम पाच चमचे. एवढी ताकद दोन-चार खजुरांतही मिळते. ज्याला तोंडाने पाणी घेता येते, त्याला सहसा सलाईन लागत नाही. जुलाब होत असतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजत राहावे. हे घरच्या घरी होते. मात्र मूल सुस्त पडले, लघवी होईना, डोळे खोल गेले, तर लगेच इस्पितळ गाठावे.

आणि पुड्या. नाव नसलेली गोळी पोटात घालू नका. सांधेदुखी किंवा दमा दोन दिवसांत 'चमत्कारासारखा' बरा करणाऱ्या पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने बरे वाटते खरे, पण साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. चांगला डॉक्टर औषधाचे नाव लिहून देतो, कारण उद्या आपल्याला दुसरीकडे जावे लागले तर पुढच्या डॉक्टरला ते कळायला हवे. आमच्या अम्मींच्या पुडीत काय होते, हे आम्हाला आजही माहीत नाही.

आम्ही तीन दवाखाने पाहिले

अम्मी घरी आल्यावर आम्ही हे काम नीट करायचे ठरवले. मेडिकलवाल्याला विचारले, मुलांच्या शाळेतल्या बाईंना विचारले, इमारतीतल्या दोन-तीन वयस्कर मंडळींना विचारले. "कोणता डॉक्टर चांगला?" असे मात्र विचारले नाही. "तुमच्या घरात कुणी गंभीर आजारी पडले तेव्हा कोणत्या डॉक्टरने काय केले?" असे विचारले. या प्रश्नाला खरी उत्तरे मिळतात. त्यातून तीन नावे निघाली. बीपी तपासण्याच्या निमित्ताने तिन्हीकडे जाऊन आलो.

पहिल्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दी पाहून आम्हाला बरे वाटले. पण आत एका वेळी चार रुग्ण ओळीने बसवलेले, एकाचा आजार दुसरा ऐकतोय. आमच्या आधीच्या बाईंना काही सांगायचे होते, त्या तशाच गप्प बसून निघून गेल्या. इंजेक्शन कंपाउंडर देत होता.

दुसरे डॉक्टर मोठ्या पदवीचे. त्यांनी अम्मींना हात न लावता अकरा तपासण्या लिहिल्या आणि एका विशिष्ट लॅबचे कार्ड दिले. "दुसरीकडून केल्या तर चालतील का?" असे विचारल्यावर म्हणाले, "मग मी जबाबदार नाही." रुग्ण पाठवल्याबद्दल लॅबकडून किंवा इस्पितळाकडून कमिशन घेणे डॉक्टरांच्या आचारनियमांत निषिद्ध आहे. प्रत्येक जण घेतो असे मुळीच नाही, पण कट प्रॅक्टिस हा शब्द आपल्याकडे उगाच रुळलेला नाही. तपासणी कुठे करायची, हे ठरवण्याचा हक्क आपला असतो.

तिसरा दवाखाना लहानसा, तळमजल्यावरचा. डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या, एमबीबीएस. त्यांनी अम्मींना आधी बसायला सांगितले, मग विचारायला सुरुवात केली. झोप कशी लागते, पायाला मुंग्या येतात का, रात्री लघवीला किती वेळा उठता, घरात स्वयंपाक कोण करते, मीठ वरून घेता का. पायांचे तळवे पाहिले. आमच्या लक्षात आले की अम्मींचे पाय याआधी साताऱ्याच्या डॉक्टरकाकांनीच पाहिले होते. इस्पितळाची फाइल पाहून त्या म्हणाल्या, "ही माझ्याकडे ठेवून जा. आज रात्री वाचते, परवा बोलू." आणि शेवटी म्हणाल्या, "हृदयाचे औषध मी बदलणार नाही, ते हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील. पण अम्मा, तुम्ही रोज कोणकोणत्या गोळ्या घेता याचा हिशेब माझ्याकडे राहील."

"हे माझे काम नाही, हे त्यांचे" असे जो डॉक्टर सरळ सांगतो, त्याच्यावर आमचा आता जास्त विश्वास बसतो. तज्ज्ञाकडे पाठवताना चिठ्ठीत काय झाले, काय दिले, काय शंका आहे, हे लिहून देणारा डॉक्टर मिळाला तर तो सोडू नये.

आपलाच डॉक्टर हवा का?

हा प्रश्न आमच्या घरातही निघाला. नात्यातल्या एका बुजुर्गांनी विचारले, "एवढ्या आपल्या मोहल्ल्यात आपला डॉक्टर मिळाला नाही का?" डॉक्टर मॅडम मुसलमान नाहीत. साताऱ्याचे डॉक्टरकाकाही नव्हते. पण रोज्यांची आठवण पंचवीस वर्षे त्यांनीच करून दिली. आणि बगदादच्या खलिफांनी ज्यांच्या हाती शहराच्या सगळ्या हकीमांची परीक्षा सोपवली, ते सिनान इब्न साबितही तेव्हा मुसलमान नव्हते, साबी होते. खलिफांनी इल्म पाहिले. आपणही इल्म आणि नीयत पाहावी.

हे मात्र खरे की, डॉक्टरला आपले राहणीमान समजून घेता यायला हवे. रोज्यांविषयी एक डॉक्टर "काही होत नाही, धरा" म्हणतो, दुसरा "अजिबात नाही" म्हणून विषय संपवतो. दोघेही विचार न करता बोलतात. साखरेच्या रुग्णाने रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरकडे जावे, म्हणजे साधारण रजबच्या पहिल्या पंधरवड्यात. कोणाला रोजा झेपेल, कोणाला धोक्याचा आहे, हे तपासणीवरून ठरते. सकाळची गोळी इफ्तारला आणि रात्रीची सहेरीला, असे सरळ उलटेपालटे करून चालत नाही. पुष्कळदा मात्राही बदलावी लागते. रोज्यात बोटातून थेंबभर रक्त काढून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमा सांगतात. ती ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. आजारी माणसाला कुरआनने सूरह बकरामध्ये स्पष्ट सवलत दिली आहे. ती सवलत नाकारून जीव धोक्यात घालणे म्हणजे जास्त दीनदारी नव्हे. मसल्याचा तपशील आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावा, पण डॉक्टरांनी काय सांगितले ते त्यांना आधी सांगावे.

हजला जाणाऱ्यांचेही तेच. आरोग्याचा दाखला लागतो, मेनिंजायटिसची लस लागते. पण नुसत्या सही-शिक्क्याने काम भागत नाही. उन्हात रोज कित्येक किलोमीटर चालणे अब्बांच्या गुडघ्यांना आणि हृदयाला झेपेल का, चाळीस दिवसांच्या गोळ्या कशा बांधून न्यायच्या, इन्सुलिन थंड कसे ठेवायचे, हे ओळखीचा डॉक्टरच नीट सांगू शकतो. अनोळखी दवाखान्यातून पैसे देऊन मिळवलेला दाखला घरच्यांनाच फसवतो.

बायकांचे दुखणे

घरातल्या बायका आपला आजार शेवटी सांगतात. अंगावरून जास्त जाते, लघवीला जळजळ होते, छातीत गाठ लागते, हे पुरुष डॉक्टरसमोर, त्यातही नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर बोलायला लाज वाटते. मग दुखणे महिनोन्महिने अंगावर काढले जाते. म्हणून डॉक्टर निवडताना घरातल्या बायकांना, मोठ्या मुलींना विचारा: यांच्याशी तुम्हाला मोकळेपणाने बोलता येईल का? शक्य असेल तर लेडी डॉक्टर पाहा. पुरुष डॉक्टर असतील तर तपासताना नर्स किंवा घरातली दुसरी बाई जवळ असावी, हा स्त्री रुग्णाचा हक्क मानला गेला आहे. मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेतही तो आहे. त्यासाठी संकोच करण्याचे कारण नाही. लेडी डॉक्टर मिळेपर्यंत थांबू असे म्हणून तातडीचा इलाज मात्र लांबवू नये. गरजेच्या वेळी पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यास शरीअतने वाट ठेवलेली आहे.

खिशाचा विचार

महागडा डॉक्टर म्हणजे चांगला डॉक्टर, असे नाही. महापालिकेच्या दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रातही मन लावून काम करणारे डॉक्टर आहेत. मुलांचे लसीकरण, गरोदरपणातली तपासणी, क्षयरोगाची औषधे तिथे मोफत मिळतात आणि नोंदही नीट राहते. साखर-बीपीच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात, म्हणून "जेनेरिक लिहून द्याल का?" असे डॉक्टरांना विचारावे. जन औषधी केंद्रात त्या पुष्कळ स्वस्त मिळतात. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. पैशाअभावी गोळ्या मध्येच बंद केल्या असतील तर तेही सांगावे. "घेतो नियमित" असे खोटे सांगितले की डॉक्टर मात्रा वाढवतो आणि घोटाळा होतो.

आपल्याकडूनही काही हवे

डॉक्टर चांगला मिळाला तरी अर्धे काम आपले असते. आम्ही अनुभवातून काही गोष्टी शिकलो.

घरातल्या प्रत्येकाची एक फाइल करा. पहिल्या पानावर नाव, वय, रक्तगट, ॲलर्जी, जुने आजार, ऑपरेशने आणि चालू गोळ्यांची यादी लिहा. गोळी बदलली की त्याच दिवशी यादी बदला. या पानाचा फोटो घरातल्या दोन-तीन जणांच्या मोबाइलमध्ये ठेवा. इस्पितळात दाखल झाला असाल तर निघताना डिस्चार्ज कार्ड घ्या. दाखल रुग्णाने कागदपत्रे मागितली तर ती ७२ तासांत द्यावीत, असा नियम आहे.

डॉक्टरांना स्वतःच रोगाचे नाव सांगू नका, त्रास सांगा. आम्ही "गॅस झालाय" म्हणालो आणि दार बंद झाले. "अचानक घाम आला, पोटाच्या वर जड वाटतेय, साखरेचा आजार आहे" असे म्हणालो असतो तर कदाचित ती रात्र वेगळी गेली असती.

हकीमांचे माजून, आयुर्वेदाचा काढा, हिजामा, काही चालू असेल तर लपवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना हिजामा केला तर रक्त थांबायला अडचण येऊ शकते.

दोन दिवसांत ताप उतरला नाही म्हणून तिसऱ्या डॉक्टरकडे धाव घेऊ नका. आधी त्याच डॉक्टरकडे परत जा. त्यालाही आजार कसा वळतोय हे पाहायला मिळते. पण डॉक्टर ऐकून घेत नसेल, प्रश्न विचारला की चिडत असेल, दर वेळी इंजेक्शन किंवा सलाईनच देत असेल, दुसऱ्याचे मत घ्यायला विरोध करत असेल, तर अदबीने सलाम करून डॉक्टर बदलावा. जुनी ओळख आहे म्हणून जीव गहाण ठेवू नये.

आणि एक गोष्ट घरातल्या लहान-मोठ्या सगळ्यांना पाठ हवी. छातीत दाब, अचानक घाम, दम, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यातले काही दिसले तर गल्लीतला दवाखाना नाही, घरचा डॉक्टरही नाही. १०८ ला फोन करावा आणि थेट मोठे इस्पितळ गाठावे. घरच्या डॉक्टरांना वाटेतून कळवावे.

त्यानंतर दोन रमजान येऊन गेले. हृदयरोगतज्ज्ञ आणि डॉक्टर मॅडम दोघांनीही अम्मींना रोजे धरू नका म्हणून सांगितले. पहिल्या वर्षी त्या खूप रडल्या. सात वर्षांच्या असल्यापासून त्यांनी रोजे धरले होते. मॅडमने त्यांना समजावले, मग आम्ही आलिम साहेबांना घरी बोलावले. त्यांनी फाइल पाहिली नाही, फक्त विचारले, "डॉक्टर काय म्हणाले?" आणि फिदयाचा हिशेब सांगितला. आता अम्मी दर रमजानला फिदया देतात, घरातल्या रोजेदारांसाठी सहेरीला उठतात आणि दहाच्या गोळ्या दहाला घेतात.

आपल्या घरात या महिन्यात एवढेच करा. एका कागदावर घरातल्या सगळ्या माणसांची नावे लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा: याला ओळखणारा डॉक्टर कोण? ज्या नावापुढची जागा रिकामी राहील, त्याला सोबत घेऊन येत्या आठ दिवसांत एकदा डॉक्टरकडे जाऊन या, दुखत काही नसले तरी. अल्लाह आपल्या सर्वांच्या घरात आफियत राखो. आमीन.